राज्य, जिल्हा आणि नगरपालिका: सीमारेषा कोण आखते?

भारतात आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. ही संख्या स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. परंतु सामान्य नागरिकाच्या दैनंदिन जीवनावर ज्या सीमारेषांचा सर्वाधिक परिणाम होतो, त्या राज्यांच्या सीमांपेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर असतात. घरपट्टी कोणाकडे भरायची, नळाला पाणी आले नाही तर कोणाचे दार ठोठवायचे, घर बांधण्याची परवानगी कोणत्या कार्यालयातून मिळवायची, हे सारे आपले घर ग्रामपंचायतीच्या, नगरपरिषदेच्या की महानगरपालिकेच्या हद्दीत आहे यावर अवलंबून असते.

या सीमारेषा कोण आखतो? कोणत्या अधिकाराने आखतो? आणि त्या बदलल्या जात असताना नागरिकाला आपले म्हणणे मांडता येते का? देशाची ही रचना वरपासून खालपर्यंत तपासली असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सीमारेषा नागरिकाच्या घराच्या जितकी जवळ, तितकी ती बदलणे शासनाला सोपे.

संघराज्याचा पाया

भारतीय राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात भारताचे वर्णन 'राज्यांचा संघ' असे केले आहे. ही शब्दयोजना हेतुपुरस्सर होती. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिचा खुलासा केला होता. हा संघ घटक राज्यांनी आपसांत करार करून निर्माण केलेला नाही आणि म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही, हा त्या खुलाशाचा आशय होता.

याच विचाराचा परिणाम घटनेच्या तिसऱ्या कलमात दिसतो. नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे किंवा कमी करणे, त्याची सीमा किंवा नाव बदलणे हे सर्व अधिकार संसदेला आहेत. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीखेरीज मांडता येत नाही. ज्या राज्याच्या क्षेत्रावर, सीमेवर किंवा नावावर परिणाम होणार असेल, त्या राज्याच्या विधानमंडळाकडे ते अभिप्रायासाठी पाठवावे लागते. मात्र तो अभिप्राय संसदेवर बंधनकारक नसतो. शिवाय चौथ्या कलमानुसार अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानले जात नाही, त्यामुळे संसदेचे साधे बहुमत पुरेसे ठरते.

याची प्रचिती २०१४ साली आली. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने जानेवारीत राज्याच्या विभाजनाचे विधेयक फेटाळले. तरीही फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. देशाचा भूभाग परदेशास द्यावयाचा असल्यास मात्र घटनादुरुस्ती आवश्यक असते. बांगलादेशाबरोबर वसाहतींची अदलाबदल करण्यासाठी २०१५ साली शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली होती.

भाषावार प्रांतरचना आणि महाराष्ट्र

१९५० साली घटना अमलात आली तेव्हा राज्यांची 'अ', 'ब' आणि 'क' अशी वर्गवारी होती. जुने ब्रिटिश प्रांत, विलीन झालेली संस्थाने आणि केंद्राच्या अधिपत्याखालील छोटे प्रदेश यांची ती तात्पुरती मांडणी होती. १ ऑक्टोबर १९५३ रोजी तेलुगू भाषकांचे आंध्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर त्याच वर्षी न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे सदस्य होते. आयोगाच्या अहवालानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश अशी नवी रचना अस्तित्वात आली.

या कायद्याच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये व मुंबई हा केंद्रशासित प्रदेश अशी योजना होती. संसदेने ती बदलून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. बदललेल्या योजनेवर राज्य विधानमंडळाचे मत पुन्हा घेतले नाही, असा आक्षेप घेऊन बाबुलाल पराते यांनी न्यायालयात दाद मागितली. विधेयकात संसदेने केलेल्या प्रत्येक बदलासाठी राज्याचे मत नव्याने मागवण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिला. आजही राज्यांच्या पुनर्रचनेच्या प्रत्येक वादात या निकालाचा आधार घेतला जातो.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये स्थापन झाली. तथापि १९५६ साली मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव आणि परिसराचा प्रश्न शिल्लक राहिला. त्यासाठी १९६६ साली महाजन आयोग नेमण्यात आला. त्याच्या शिफारशी महाराष्ट्राने मान्य केल्या नाहीत आणि २००४ साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गोव्यात मात्र वेगळा मार्ग अवलंबण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की स्वतंत्र राहायचे, याचा कौल १६ जानेवारी १९६७ रोजी प्रत्यक्ष मतदारांनी दिला. गोवेकरांनी स्वतंत्र अस्तित्व पसंत केले आणि ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.

नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल (आजचे उत्तराखंड) आणि झारखंड ही राज्ये निर्माण झाली. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू आणि काश्मीर राज्याची दोन केंद्रशासित प्रदेशांत विभागणी झाली. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन प्रदेश एकत्र करण्यात आले. आजचा २८ आणि ८ हा आकडा त्यानंतरचा आहे.

जिल्हा: शासनाच्या अधिसूचनेचा विषय

राज्याच्या सीमेसाठी संसदेत कायदा करावा लागतो. जिल्ह्याच्या बाबतीत तशी गरज नसते. जिल्हा, उपविभाग आणि तालुका यांची निर्मिती राज्य शासन आपल्या महसूल कायद्यानुसार अधिसूचना काढून करते. महाराष्ट्रात हा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधून येतो. स्थापनेच्या वेळी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली, मुंबई उपनगर, नंदुरबार, वाशिम, हिंगोली आणि गोंदिया यांची भर पडत गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ही संख्या ३६ वर पोहोचली.

अन्य राज्यांत हे बदल याहूनही वेगाने झाले. तेलंगणने ११ ऑक्टोबर २०१६ रोजी एकाच दिवसात जिल्ह्यांची संख्या १० वरून ३१ केली. आंध्र प्रदेशात ४ एप्रिल २०२२ रोजी १३ जिल्ह्यांचे २६ जिल्हे झाले. राजस्थानात २०२३ साली अनेक नवे जिल्हे जाहीर झाले. सत्तांतरानंतर डिसेंबर २०२४ मध्ये त्यांपैकी ९ रद्द करण्यात आले आणि जिल्ह्यांची संख्या ४१ राहिली. ज्या गावाचे जिल्हाधिकारी कार्यालय जवळ आले होते, ते सुमारे दीड वर्षात पुन्हा दूर गेले.

जिल्ह्याखालील घटकांची नावेही प्रांतागणिक बदलतात. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकात ज्याला तालुका म्हणतात, त्याला उत्तर भारतात तहसील आणि आंध्र प्रदेश व तेलंगणात मंडल म्हणतात. नोकरी-व्यवसायानिमित्त परप्रांतात गेलेल्या मराठी माणसाला उत्पन्नाचा अथवा रहिवासाचा दाखला काढताना या फरकाचा अनुभव येतोच.

नगरपालिकांना घटनेत स्थान

भारतातील नागरी स्वराज्य संस्थांचा इतिहास राज्यांपेक्षा जुना आहे. मद्रास नगराची महापालिका १६८८ साली स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ सालच्या ठरावाने लोकनियुक्त स्थानिक संस्थांना चालना दिली. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ सालचा असून तो अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

इतकी परंपरा असूनही मूळ राज्यघटनेत नगरपालिकांचे स्वतंत्र प्रकरण नव्हते. ग्रामपंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत, चाळिसाव्या कलमात होता. 'स्थानिक शासन' हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ठेवण्यात आला होता. परिणामी नगरपालिका केव्हा बरखास्त करायची आणि निवडणूक केव्हा घ्यायची, हे राज्य शासनाच्या मर्जीवर राहिले. अनेक शहरांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होता.

ही स्थिती बदलण्यासाठी १९८९ साली राजीव गांधी सरकारने दोन घटनादुरुस्ती विधेयके मांडली, परंतु ती राज्यसभेत संमत होऊ शकली नाहीत. पुढे पी. व्ही. नरसिंह राव सरकारच्या काळात, डिसेंबर १९९२ मध्ये, संसदेने त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली. पंचायतींविषयीची दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि नगरपालिकांविषयीची दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली.

चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांचा निश्चित कार्यकाळ दिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे आणि मध्येच बरखास्ती झाल्यास सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घेतली पाहिजे, असे बंधन घातले. निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग आणि आर्थिक वाटणीसाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग यांची तरतूद केली. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या. महाराष्ट्राने हे प्रमाण पुढे निम्म्यावर नेले. अनुसूचित क्षेत्रांना मात्र हा भाग थेट लागू होत नाही, तर ईशान्येकडील काही आदिवासी क्षेत्रांत सहाव्या अनुसूचीनुसार स्वायत्त जिल्हा परिषदा काम करतात.

गाव की शहर?

घटनेने नागरी संस्थांचे तीन प्रकार सांगितले आहेत. गावातून शहरात रूपांतरित होत असलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. कोणते क्षेत्र कोणत्या प्रकारात मोडते, हे लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल आणि बिगरशेती रोजगाराचे प्रमाण इत्यादी बाबी विचारात घेऊन राज्यपाल, म्हणजे प्रत्यक्षात राज्य शासन, अधिसूचनेद्वारे ठरवते. घटनेत लोकसंख्येचा आकडा दिलेला नाही.

महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे १०,००० ते २५,००० लोकसंख्येसाठी नगरपंचायत, त्याहून अधिक लोकसंख्येसाठी नगरपरिषद आणि ३ लाखांवरील लोकसंख्येसाठी महानगरपालिका असा निकष आहे. नगरपरिषदांचेही लोकसंख्येनुसार 'अ', 'ब' आणि 'क' वर्ग आहेत. तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राज्याने २०१४ साली स्वीकारले. इचलकरंजी आणि जालना यांचा समावेश झाल्यानंतर राज्यातील महानगरपालिकांची संख्या २९ झाली.

जनगणना आयुक्तांची व्याख्या याहून वेगळी आहे. किमान ५,००० लोकसंख्या, प्रत्येक चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, हे तीन निकष पूर्ण करणारे गाव जनगणनेच्या दृष्टीने शहर ठरते. त्याला 'जनगणना नगर' म्हणतात. अशा नगरांची संख्या २००१ साली १,३६२ होती, ती २०११ साली ३,८९४ झाली. त्याच वर्षी कायद्याने नगरपालिका असलेली शहरे ४,०४१ होती. म्हणजे जनगणनेने शहर मानलेल्या जवळजवळ निम्म्या वस्त्यांना नागरी शासन नव्हते. तेथील कारभार ग्रामपंचायतीच पाहत होत्या.

केरळमध्ये हे विशेष ठळकपणे दिसते. २००१ साली त्या राज्याची सुमारे २६ टक्के लोकसंख्या नागरी होती. २०११ साली हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या पुढे गेले. या वाढीचा मोठा भाग जनगणना नगरांतून आला होता. नव्या नगरपालिकांचा त्यात फारसा वाटा नव्हता.

नगरपालिका व्हावी अशी प्रत्येक गावाची इच्छा असते, असेही नाही. नगरपालिका झाली की घरपट्टी वाढते, बांधकामाचे नियम कडक होतात आणि ग्रामीण विकासाच्या केंद्रीय योजनांचा निधी थांबतो. तमिळनाडू शासनाने २००४ साली पाचशेहून अधिक नगरपंचायतींचे 'विशेष ग्रामपंचायतीं'त रूपांतर केले, ते अशा निधीचा लाभ मिळावा म्हणून. दोन वर्षांनी, २००६ साली, त्यांना पुन्हा नगरपंचायतींचा दर्जा देण्यात आला. या दोन वर्षांत तेथील रस्ते, माणसे आणि बाजार तेच होते. बदलला तो फक्त कागदोपत्रीचा दर्जा.

हद्दवाढीचा प्रश्न

शहरे वाढतात तशी त्यांची हद्दही वाढवावी लागते. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ गावे आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे समाविष्ट झाली. यामागचे कारण रास्त होते. शहरालगतच्या गावांत बेसुमार बांधकामे होत असताना ग्रामपंचायतींकडे मलनिस्सारण, रस्ते आणि नगररचना यांसाठी पुरेशी यंत्रणा नव्हती. परंतु समावेशानंतर कर महापालिकेच्या दराने आला आणि सुविधा मात्र हळूहळू येत राहिल्या. अशी तक्रार असलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे सप्टेंबर २०२४ मध्ये महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

राजधानी दिल्लीचे उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षणीय आहे. तेथील एका महानगरपालिकेची २०१२ साली तीन महानगरपालिकांत विभागणी झाली. ही विभागणी दिल्ली विधानसभेच्या कायद्याने झाली होती. दहा वर्षांनी संसदेने कायदा करून तिन्ही पुन्हा एकत्र केल्या आणि प्रभागांची संख्या २७२ वरून २५० वर आली. बेंगळुरूमध्ये याच्या उलट घडले. २०२४ सालच्या कायद्यानुसार, सप्टेंबर २०२५ मध्ये, तेथील एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका स्थापन झाल्या.

लष्करी छावण्यांच्या क्षेत्रात तर राज्य शासनाचाही अधिकार चालत नाही. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी अशा ठिकाणचे कॅन्टोन्मेंट बोर्ड २००६ सालच्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षण मंत्रालयाच्या अधीन आहेत. त्यांतील नागरी वस्त्या लगतच्या नगरपालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले असून हिमाचल प्रदेशातील खास योल येथून २०२३ साली त्याची सुरुवात झाली.

अधिकार आणि पैसा

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिलेले आहेत. नगररचना, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, रस्त्यांवरील दिवे, जन्ममृत्यूची नोंद हे त्यांतील काही. परंतु घटनेची भाषा येथे सावध आहे. राज्य विधानमंडळ हे अधिकार नगरपालिकांना देऊ शकेल, असे तेथे म्हटले आहे. दिलेच पाहिजेत, अशी सक्ती नाही.

त्यामुळे शहरागणिक चित्र बदलते. मुंबईत पाणीपुरवठा महापालिका स्वतः करते. दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरू येथे त्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. उड्डाणपूल आणि मेट्रोची कामे बहुधा महानगर विकास प्राधिकरणे किंवा स्वतंत्र कंपन्या करतात. महाराष्ट्रात महानगरपालिकेचे कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. महापौराची निवड नगरसेवक करतात आणि त्याच्याकडे मुख्यतः सभेचे अध्यक्षपद असते. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात महापौराची निवड थेट मतदारांकडून होते.

उत्पन्नाची स्थितीही अशीच परावलंबी आहे. महाराष्ट्रातील महापालिकांचा एके काळी मोठा आधार असलेली जकात टप्प्याटप्प्याने गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही टिकला नाही. मुंबईतील जकात सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना, बंद झाली. त्या बदल्यात राज्य शासनाने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याची व्यवस्था केली. म्हणजे जे उत्पन्न शहराच्या नाक्यावर जमा होत होते, ते आता मंत्रालयातून येते. महापालिकेच्या स्वतःच्या हाती प्रामुख्याने मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क राहिले.

निवडणुकांची कसोटी

निश्चित कार्यकाळ ही चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीची सर्वांत ठोस देणगी होती. मुदतीत निवडणुका घेणे हे राज्य निवडणूक आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र हे बंधन वारंवार शिथिल झालेले दिसते.

चेन्नईत २०१६ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासकाचा कारभार सुरू झाला. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादामुळे राज्यभरातील निवडणुका लांबत गेल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठरवून दिली. त्यानुसार महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचे अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झाले.

नागालँडची प्रतीक्षा त्याहून दीर्घ होती. महिला आरक्षणाच्या वादामुळे तेथे २००४ नंतर थेट जून २०२४ मध्ये नागरी निवडणुका झाल्या. या वेळी एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव होत्या.

इतर संघराज्यांत काय?

सर्वच संघराज्यांत स्थानिक संस्थांचे स्थान सारखे नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहरांचा उल्लेखच नाही. तेथे स्थानिक शासन हा पूर्णतः राज्यांचा विषय आहे. ब्राझीलने दुसरे टोक गाठले. १९८८ सालच्या घटनेच्या पहिल्याच कलमात तेथे राज्यांच्या बरोबरीने नगरपालिकाही संघराज्याचे घटक मानल्या आहेत. त्या देशात २६ राज्ये, एक संघीय जिल्हा आणि साडेपाच हजारांहून अधिक नगरपालिका आहेत. गाव आणि शहर असा कायदेशीर भेद तेथील नगरपालिकांत नाही. १९८८ नंतर नव्या नगरपालिकांचे पेव फुटले, तेव्हा १९९६ साली घटनादुरुस्ती करून त्यावर संघीय कायद्याचे नियंत्रण आणावे लागले.

भारताने निवडलेली वाट या दोहोंच्या मधली आहे. नगरपालिकेला घटनेत स्थान आहे, तिचा कार्यकाळ घटनेने ठरवलेला आहे. मात्र तिचा जन्म, हद्द, अधिकार आणि उत्पन्न या चारही गोष्टी राज्याच्या हाती आहेत.

परप्रांतातील मराठी भाषकांसाठी

राज्याच्या सीमा कोठेही आखल्या तरी भाषेच्या सीमा त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. याची जाणीव ठेवूनच १९५६ साली घटनेत कलम ३५०-क घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे हे कलम सांगते. यात नगरपालिकांचाही समावेश होतो, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा किंवा मुंबई महापालिकेच्या तमिळ, तेलुगू, कन्नड आणि गुजराती शाळा या तत्त्वाला धरूनच आहेत. अशी शाळा हवी असेल किंवा बंद पडत असलेली टिकवायची असेल, तर महापालिकेच्या शिक्षण समितीकडे घटनेचा आधार घेऊन मागणी करता येते.

नागरिकाने काय करावे?

येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असून हिमाच्छादित प्रदेशांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. या मोजणीसाठी जिल्हे, तालुके, गावे आणि नागरी संस्था यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ च्या स्थितीनुसार गोठवण्यात आल्या. मोजणी संपल्यानंतर हद्दवाढ, नवे तालुके आणि नव्या नगरपंचायती यांच्या मागण्या पुन्हा पुढे येतील. नव्या लोकसंख्येमुळे त्यांना आकड्यांचे बळही मिळेल.

अशा वेळी सामान्य नागरिकाला एक साधे पण महत्त्वाचे साधन उपलब्ध असते. नगरपरिषदेची स्थापना, हद्दवाढ अथवा प्रभागरचना करताना शासन आधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवते. त्यासाठी ठरावीक मुदत असते. बहुतेक वेळा ही सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर किंवा कार्यालयाच्या फलकावर लागते आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी मुदत संपते. तीत लेखी हरकत नोंदवणाऱ्या नागरिकाची सुनावणी होऊ शकते. मुदतीनंतर हाती उरतो तो न्यायालयाचा लांबचा आणि खर्चिक मार्ग.

राज्याची सीमा बदलायची असेल, तर संसदेत चर्चा होते आणि देशभर बातमी होते. आपल्या गल्लीपर्यंत येणारी सीमारेषा मात्र राजपत्रातील एका परिशिष्टाने बदलू शकते. ते परिशिष्ट वेळेवर वाचणारे चार जागरूक नागरिक गावात असतील, तर घटनेने स्थानिक स्वराज्याला दिलेल्या स्थानाला अर्थ राहील.